टॅपेट सेटिंगची नोंद: एक्झॉस्टचा गॅप पुन्हा घटला

एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, एअर-कूल्ड आणि स्क्रू-लॉकनट पद्धतीचे टॅपेट असलेल्या इंजिनाची ही नोंद आहे. रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा) आणि व्हॉल्व्हचा स्टेम (दांडी) यांच्यामधली बारीक फट म्हणजे गॅप; कंपनीच्या पुस्तिकेत थंड इंजिनासाठी तो इनटेक व्हॉल्व्हला ०.०८ मिमी आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.१२ मिमी सांगितलेला आहे. इनटेक मापात मिळाला, परंतु एक्झॉस्टमध्ये ०.१० मिमी जाडीची मापाची पाती (फीलर गेज) जेमतेम सरकली आणि ०.१२ ची आत शिरलीच नाही. मागील तपासणीतही एक्झॉस्टच कमी भरला होता आणि तो तेव्हा मापात आणला होता, त्यामुळे हा योगायोग मानता येत नाही.

गाडीच्या आवाजावरून यातले काहीही कळले नसते. गॅप वाढला की टकटक सुरू होते आणि मालक लगेच सावध होतो. गॅप घटला की इंजिन उलट अधिक शांत वाटते. गॅप घटतो तो असा: व्हॉल्व्हची सीट (तो बंद होताना टेकतो ती बैठक) हळूहळू खचते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर चढतो आणि त्याचा स्टेम रॉकरच्या जवळ येतो. हा गॅप पूर्ण संपला, तर तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता त्या टेकण्यातूनच हेडमध्ये उतरत असल्याने पुढे त्याची कड जळते आणि कॉम्प्रेशन जाते.

गाडी रात्रभर उभी ठेवून काम सुरू केले. स्पार्क प्लग काढल्यावर क्रँक हलक्या हाताने फिरतो आणि फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) खिडकीत अचूक आणता येते. खरी काळजी येथे घ्यावी लागते, कारण फोर-स्ट्रोक इंजिनात ही खूण प्रत्येक चक्रात दोनदा येते: एकदा कॉम्प्रेशनच्या अखेरीस आणि एकदा एक्झॉस्टच्या अखेरीस. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात आणि तेथे घेतलेल्या मापाला अर्थ नसतो. मी इनटेकच्या रॉकरवर नजर ठेवतो. तो व्हॉल्व्ह दाबून परत वर आला की त्यानंतर येणारी ‘टी’ आपल्या कामाची. तेव्हा दोन्ही रॉकर बोटांनी हलवल्यास बारीकसा खेळ जाणवतो. खूण पुढे निघून गेली तर क्रँक उलटा न फिरवता पुन्हा दोन फेरे पूर्ण करावेत. काही इंजिनांत उलट फिरवल्यावर ऑटो-डीकॉम्प्रेसर (इंजिन सुरू करताना कॉम्प्रेशन कमी करणारी यंत्रणा) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरतो आणि गॅप नाहीसा झाल्यासारखा भासतो.

पातीवरचे तेल पुसून ती सरळ आत घातली. पुस्तकाच्या मिटलेल्या पानांतून खूण-पट्टी ओढताना लागते तेवढीच ओढ बोटांना लागावी, असा माझा अंदाज आहे. तरीही केवळ स्पर्शावर विसंबण्यापेक्षा ०.१२ जाते आणि ०.१३ जात नाही, ही कसोटी मला अधिक विश्वासाची वाटते. रॉकरकडच्या स्क्रूच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल, तर मात्र सपाट पाती त्या खळग्यावरून जाते आणि प्रत्यक्ष गॅप मापापेक्षा मोठा राहतो. म्हणून स्क्रूचे टोक बॅटरीच्या उजेडात पाहून घेतले. ते गुळगुळीत होते.

या स्क्रूच्या आट्यांचे अंतर ०.५ मिमी आहे, म्हणजे ०.०२ मिमीच्या फरकासाठी स्क्रू सुमारे १४ अंशच फिरवायचा असतो. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा तरी हलतोच, म्हणून तो एका हाताने रोखून धरावा लागतो आणि नट आवळल्यावरचे मापच ग्राह्य धरावे लागते. त्यानंतर क्रँक दोन फेरे फिरवून पुन्हा मोजले, तेव्हा इनटेक ०.०८ आणि एक्झॉस्ट ०.१२ भरला. झाकणांच्या ओ-रिंग कडक झालेल्या असल्याने नव्या घातल्या.

स्क्रूऐवजी बकेटखाली (व्हॉल्व्हवरच्या वाटीखाली) शिम, म्हणजे ठरावीक जाडीची चकती, असलेल्या इंजिनांत हाच हिशेब कागदावर करावा लागतो: जुन्या शिमच्या जाडीत मोजलेला गॅप मिळवून त्यातून हवा असलेला गॅप वजा करायचा. जुनी शिम २.५० मिमी, मोजलेला गॅप ०.१० आणि हवा असलेला ०.१५ असेल, तर २.४५ ची शिम लागेल.

पुढची तपासणी नेहमीच्या निम्म्या अंतरावर करणार आहे. एक्झॉस्ट याच गतीने घटत राहिला, तर हेड उघडण्यापूर्वी लीक-डाउन चाचणी घेऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून, ती एक्झॉस्टच्या नळीतून निसटते का, ते पाहीन.