चीनमध्ये माझं नाव अडकलं, त्याची गोष्ट

मी इचलकरंजीचा. मालकांनी २०२४ च्या जानेवारीत कापड खरेदीसाठी झेजियांग प्रांतातल्या केछ्याओला पाठवलं. शाओशिंग शहराचाच हा भाग. कापडाची अफाट बाजारपेठ, आणि भारतीय व्यापारी इतके की हिंदी ऐकू आली तर कुणी मान वळवून बघत नाही. व्हिसा, वैद्यकीय तपासणी, राहण्याचा परवाना सगळं सुरळीत झालं. आल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे राहत्या जागेची नोंद करावी लागते, तीही दहा मिनिटांत झाली. (ती पावती जपून ठेवा, पुढे पावलोपावली मागतात.) अडलो ते वीचॅटवरून (निरोप आणि पैसे दोन्ही पाठवायचं चिनी ॲप) पैसे पाठवण्यात.

त्यात काय एवढं, असं वाटेल. पण या बाजारात भाव, रंगांचे फोटो, घासाघीस, माल कुठवर आला, सगळं वीचॅटवर चालतं. नमुन्याचा मीटरभर तुकडा घेतला तरी दुकानदारीण मोबाईल पुढे करते. २०२३ च्या जुलैपासून परदेशी कार्ड जोडता येतं, पण तेव्हा २०० युआनच्या वर गेलात की ३ टक्के कापायचे. शिवाय त्यातून दुकानाला पैसे देता यायचे, माणसाला पाठवता यायचे नाहीत. आमचा निम्मा व्यवहार माणसाशीच. म्हणजे इथलं बँक खातं हवं, आणि ते जोडायला ‘शिमिंग’, खऱ्या नावाची खातरजमा.

इथलं सगळं इंटरनेट या शिमिंगवर उभं आहे. टोपणनावानं काय हवं ते लिहा, मागे खरं नाव बांधलेलं असतंच. नवीन सिम घेताना २०१९ च्या डिसेंबरपासून चेहरा स्कॅन करतात. वेबोवर (इथलं ट्विटरसारखं ॲप) २०२२ पासून लिहिणाऱ्याचा प्रांतही दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या यंत्रणेपासून काही लपत नाही. मलाही वाटायचं. मग मी बँकेत गेलो.

माझ्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि दुसऱ्या रकान्यात माझं व वडिलांचं नाव. वडील ज्ञानदेव. इंग्रजीत डी, एन, वाय अशी सुरुवात. खिडकीतल्या मुलीनं ती तीन अक्षरं एकेक करून बोटानं मोजली. तिनं आडनाव आधी घातलं. सिमवाल्यानं ते शेवटी घातलं होतं, आणि सगळं नाव सलग, मध्ये जागाच नाही. मी फोनवर पासपोर्टप्रमाणे टाकलं. उत्तर आलं: नाव बँकेतल्या नोंदीशी जुळत नाही.

सिमच्या दुकानात जाऊन क्रम बदलून आणला. जुळेना. बँकेत परत. टोकन, दीड तास, आणि ‘फोन कंपनीकडे जा’. फोन कंपनी म्हणाली, ‘बँकेत जा’. तिसऱ्या खेपेला पोचलो तर परदेशी माणसांचं काम करणारी एकच खिडकी, आणि ती दुपारी दोनपर्यंत बंद. चौथ्या खेपेला पासपोर्टची झेरॉक्स नेली होती, मूळ प्रत खोलीवर. परत पाठवलं. (मूळ प्रतच न्या. नेहमी. हे आधी लिहायला हवं होतं.) सगळ्यांचं उत्तर एकच, ‘मेई पानफा’, म्हणजे इलाज नाही. तेही इतक्या गोड हसून की भांडताही येईना. असे अकरा दिवस गेले.

ऑफिसातली दुभाषी मुलगी बरोबर असायची, तिनं एकदा विचारलं, ‘दादा, वडिलांचं नाव तुमच्या नावात कशाला?’ मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांचं असतंच. तिला ते विचित्र वाटलं. त्यांच्याकडे पूर्वी वडिलांच्या नावातलं अक्षर मुलानं तोंडानंही उच्चारायचं नाही. आणि मी ते सरकारी कागदावर मिरवत होतो! तिनं आणखी एक सांगितलं. वायव्येकडच्या शिनजियांगमधल्या उइगुर या अल्पसंख्य लोकांच्या नावात मधे टिंब असतं. कुठे ते वर टाकतात, कुठे खाली, कुठे टाकतच नाहीत, आणि त्यांनाही वर्षानुवर्षं हीच वणवण. ज्यांच्या नावात दुर्मिळ चित्राक्षर आहे असे हान, म्हणजे इथले बहुसंख्य लोकसुद्धा यातून सुटले नाहीत. अखेर संगणकासाठी ८७,८८७ अक्षरांचं नवं राष्ट्रीय मानक काढावं लागलं, ते १ ऑगस्ट २०२३ ला लागू झालं. माझी अडचण परदेशी असण्याची आहे, हा समज तिथे गळून पडला.

‘आता थांगफिंग व्हा,’ ती म्हणाली. म्हणजे हातपाय सोडून आडवं पडा. २०२१ मध्ये दमलेल्या तरुण पोरांनी हा शब्द उचलला होता. मी नाही झालो आडवा. चिनी नववर्ष १० फेब्रुवारीला, त्याआधी सगळा बाजार बंद होणार, आणि मालकांचे रोज फोन.

सहाव्या खेपेला तिनं खिडकीसमोर उभं राहून, जरा मोठ्यानं, मला चिनीत म्हटलं, ‘एक-दोन-तीन-चार-पाच लावूया का?’ १२३४५ ही सरकारी तक्रारीची लाईन. पाच मिनिटांत मॅनेजर बाहेर, हातात गरम पाण्याचा पेला. तो दिवस मी विसरणार नाही. इथे कुणी तक्रार करत नाही, असं आपण घरी बसून ठरवून टाकतो. बँकेची, कचऱ्याची, पाण्याची तक्रार लोक अगदी बिनधास्त करतात. वरच्या धोरणाविषयी मात्र ती मुलगी जेवताना आवाज खाली आणते. ही सीमारेषा सगळ्यांना माहीत असते.

मॅनेजरनं नोंद छापून दाखवली. आडनावानंतर एक नाही, दोन मोकळ्या जागा! पडद्यावर त्या एकीसारख्या दिसत होत्या. मी फोनवर दोनदा स्पेस दाबली आणि जुळलं. च्या मारी. दुभाषी मुलीनं मला एक युआन पाठवला, मी तिला दोन परत केले.

तेव्हा पहिल्याच दिवशी बँकेकडून नोंद छापून घ्या आणि अक्षर न अक्षर तसंच टाका. वीचॅट भारतीय नंबरवर ठेवू नका. भारत सरकारच्या २९ जून २०२० च्या बंदीत ५९ ॲपमध्ये तेही होतं, भारतीय नंबरांची खाती पुढे बंद पडली. नवीन खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याला कोड स्कॅन करावा लागतो, त्यानं त्या महिन्यात आणखी कुणाला मदत केलेली चालत नाही, तेव्हा मित्र आधीच ‘बुक’ करा. व्हॉट्सॲप बंद असतं, पण भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवलं तर उघडतं; आईशी मी तसाच बोलतो.

पुढच्या वर्षी माझा पासपोर्ट संपतोय. नवा आला की नंबर बदलणार, आणि बँकेची, सिमची, वीचॅटची नोंद पहिल्यापासून. खिडकी तीच, परदेशी लोकांची, दुपारी दोनपर्यंत बंद.