उभ्या गाडीचा हिशेब

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. मालवाहतूक कंपनीच्या कार्यालयात ड्रायव्हरांच्या ट्रिपचे हिशेब करण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: कंपनीची गाडी चालवण्याबद्दल ड्रायव्हरांना खरोखर काय वाटते? विचारणाऱ्यांपैकी कोणाचा मुलगा या कामाला लागणार असतो, तर कोणी स्वतःचा ट्रक विकून कंपनीत जावे का, या विचारात असतो. पैसा कमी, घर लांब, झोप अपुरी, हे त्यांनी आधीच ऐकलेले असते आणि ते खोटे नाही. पण हिशेबाला समोर बसलेल्या ड्रायव्हरांकडून मी जे ऐकत आलो, त्यात वारंवार येणारी तक्रार दराची नव्हती. ती गाडी उभी असताना वाया गेलेल्या वेळाची होती.

यामागचे कारण पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक कंपन्या ड्रायव्हरला किलोमीटरवर किंवा ट्रिपवर पैसे देतात, म्हणजे चाक फिरले तर कमाई. आता माल भरण्यासाठी सकाळची वेळ दिलेली असते, ड्रायव्हर वेळेआधी पोहोचतो, आणि डॉक (माल चढवण्या-उतरवण्याचा धक्का) मोकळा नाही, माल अजून बांधला नाही, किंवा कागद तयार नाहीत असे सांगून त्याला फाटकाबाहेर उभे केले जाते. नंबर केव्हा लागेल ते माहीत नसल्यामुळे त्याला झोपता येत नाही, गाडी सोडून कुठे जाता येत नाही, आणि रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. हे कामच आहे, पण कित्येक हिशेबांमध्ये त्याला रकानाच नसतो. गोदामवाल्याला या उशिराची झळ लागत नाही, कंपनीला थोडी लागते, आणि उरलेली सगळी ड्रायव्हरच्या वाट्याला येते.

काही करारांत ठरावीक तासांनंतर हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याबद्दलचे पैसे, लागू होते. कागदावर ही चांगली सोय आहे, परंतु ते पैसे मिळवण्यासाठी गाडी आत कधी आली आणि बाहेर कधी पडली, याचा पुरावा लागतो. माझ्यासमोर येणाऱ्या पावत्यांवर गोदामाचा शिक्का असे, सही असे, तारीख असे. वेळ मात्र नसे. वेळ लिहून मागितली की फाटकावरचा माणूस टाळाटाळ करी, कारण वेळ लिहिणे म्हणजे उशिराची जबाबदारी घेणे. म्हणून अनुभवी ड्रायव्हर फाटकावर पोहोचताच मोबाइलवर फोटो काढून ठेवत, आणि एक जण तर छोट्या वहीत पोहोचण्याची, डॉकला गाडी लागण्याची आणि ती खाली, म्हणजे रिकामी, होण्याची अशा तिन्ही वेळा लिहून समोरच्या हमालाची सही घेत असे. ती वही त्याने माझ्यापुढे ठेवली की कंपनीलाही वाद घालता येत नसे. प्रश्न असा आहे की, हे लिहून घेण्याचे काम ड्रायव्हरचे का असावे? जी कंपनी ते स्वतःकडे घेते, ग्राहकाशी स्वतः भांडते आणि ग्राहकाने दिले नाही तरी ड्रायव्हरला देते, तिच्याबद्दल ड्रायव्हर वेगळ्या आवाजात बोलतात. दर दोन पैशांनी कमी असला तरीही.

उभे राहण्याचा तोटा पैशापुरता थांबत नाही. अमेरिकेत ट्रकड्रायव्हरला कामावर आल्यापासून सलग १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि रांगेत घालवलेले तास सहसा त्या १४ मधूनच वजा होतात. सहा तास डॉकवर गेले तर उरलेल्या आठ तासांत जेवढे अंतर काटता येईल तेवढे काटायचे, अशी घाई त्यातून जन्माला येते. तिथल्या केंद्रीय परिवहन विभागाच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली दिलेल्या अहवालात असा अंदाज मांडला होता की, मालाच्या ठिकाणी थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचे अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढते. फाटकाबाहेर ताटकळत ठेवलेला माणूस पुढे हमरस्त्यावर आपल्या सर्वांच्या शेजारून जात असतो, हे गोदामाच्या व्यवस्थापकांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. त्याच देशात १९३८ च्या श्रममानक कायद्याने जादा तासांना दीडपट मजुरी दिली, परंतु एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणारे ड्रायव्हर त्या तरतुदीतून वगळले गेले. फुकट वाट पाहणे त्यामुळे कंपन्यांना आणि ग्राहकांना इतके स्वस्त पडले. तिथल्या मोठ्या ट्रक कंपन्यांत १९९५ ते २०१७ या काळात ड्रायव्हर सोडून जाण्याचे वार्षिक प्रमाण सरासरी ९४ टक्क्यांच्या घरात होते, आणि मला त्याचे मुळीच आश्चर्य वाटत नाही.

यानंतरची तक्रार कपातीची. उचल, डिझेलचा फरक, मालातली तूट, ओरखडा, दंड असे रकाने एकामागून एक येतात आणि शेवटच्या आकड्याकडे ड्रायव्हर बराच वेळ बघत राहतो. डिझेलचा एव्हरेज कागदावर ठरवताना घाट, ओझे आणि रांगेत चालू ठेवावे लागलेले इंजिन धरलेले नसते. तूट निघते ती अनेकदा अशा मालातली, जो भरताना ड्रायव्हरला मोजूही दिलेला नसतो. कपात रास्त असेल तर ड्रायव्हर ती मान्य करतात, हे मी खात्रीने सांगतो. त्यांना राग येतो तो न विचारता, न दाखवता कापलेल्या रकमेचा. तो राग किती टोकाला जाऊ शकतो, हे २०२३ साली जर्मनीत दिसले. ग्रेफेनहाउसेन येथील महामार्गावरच्या विश्रांतीस्थळी, पोलंडमधल्या एका मालकाकडे काम करणाऱ्या आणि मुख्यतः जॉर्जिया व उझबेकिस्तानातून आलेल्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पैशांसाठी गाड्या उभ्या केल्या आणि आठवड्यांमागून आठवडे तिथून हलले नाहीत. एप्रिलमध्ये मालक खासगी सुरक्षारक्षक घेऊन गाड्या ताब्यात घ्यायला आला, पोलिसांना मध्ये पडावे लागले, आणि महिनाअखेरीस पैसे हातात आल्यावरच गाड्या सुटल्या. त्याच उन्हाळ्यात तिथे दुसरा संपही झाला. कंपनीच्या लेखी उभ्या गाडीला किंमत असते, हे त्या माणसांनी अशा रीतीने दाखवून दिले.

हे सगळे वाचून स्वतःचा ट्रक बरा असे वाटेल, पण पुष्कळ ड्रायव्हरांचे मत तसे नाही. टायर फुटला, इंजिन बसले, विम्याचा हप्ता आला, परतीचे भाडे मिळाले नाही, तर कंपनीच्या ड्रायव्हरला त्याची चिंता करावी लागत नाही. कर्जावर गाडी घेतलेल्या माणसाला मात्र हप्त्यासाठी तोट्यातले भाडेही उचलावे लागते. स्वतःची गाडी विकून कंपनीत आलेला एक ड्रायव्हर मला म्हणाला होता की, आता बिघाड झाला तर तो फोन करतो आणि झोपतो. गाडीतल्या कॅमेऱ्यांबद्दल मते दुभंगलेली आहेत: डोळ्यांवर सतत पाळत ठेवणारा कॅमेरा बहुतेकांना अपमानकारक वाटतो, तर रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याने खोट्या आरोपातून वाचवलेले लोकही मी पाहिले आहेत.

घरी जाण्याच्या बाबतीत ड्रायव्हरांची अपेक्षा माफक आहे. त्यांना ठरलेली तारीख हवी असते. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम केला की, ड्रायव्हरला दर चार आठवड्यांत घरी किंवा कंपनीच्या तळावर परतता येईल असे काम कंपनीने आखले पाहिजे, आणि ४५ तासांची साप्ताहिक विश्रांती गाडीच्या केबिनमध्ये काढायला लावता येणार नाही. असा नियम करावा लागला, यावरूनच आधीची स्थिती काय होती ते कळते. घरातल्या लग्नाच्या आदल्या दिवशी नवे भाडे गळ्यात पडलेला माणूस पुढे कितीही बोनस दिला तरी त्या कंपनीला माफ करत नाही.

तेव्हा कोणी मला कंपनी निवडण्याबद्दल विचारले, तर मी दर शेवटी विचारायला सांगतो. आधी तिथल्या जुन्या ड्रायव्हरला गाठावे आणि गाडी खाली झाल्यावर हिशेब किती दिवसांत मिळतो, कपातीचा कागद दाखवतात का, आणि डॉकवर अडकल्यावर फोन केला तर उचलतो कोण, हे विचारावे. तो फोन उचलणाऱ्याने कधीकाळी स्वतः गाडी चालवलेली असेल तर उत्तम. मुलाखतीला बोलावणाऱ्या अधिकाऱ्याला हेच प्रश्न विचारायला हरकत नाही, आणि हॉल्टिंगची अट करारात लेखी आहे का, ते सही करण्यापूर्वी स्वतः वाचून घ्यावे.