मासा किती वर्षांचा?

"जाळं तर अजून भरतंय, मग समुद्रातला माशांचा साठा संपतोय म्हणून तुम्ही ओरडताय कशाला?" हे मला कायम ऐकावं लागतं. विचारणारा खोटं बोलत नसतो. टनांचा आकडा बरीच वर्षं जागचा हलत नाही. पण तोच आकडा गाठायला होड्या वाढतात, तास वाढतात, आणि एका टनात मावणाऱ्या माशांची संख्याही वाढते, कारण मासा लहान झालेला असतो. म्हणून मी आधी वय बघते, वजन नंतर.

वय कळतं ऑटोलिथवरून. माशाच्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक दगड असतात, तीन जोड्या. त्यातला मोठा काढायचा, रेझिनमध्ये बसवायचा, हिऱ्याच्या पात्याने मधून पातळ काप घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. केंद्रापासून बाहेर एक फिकट, एक गडद असे पट्टे दिसतात; अशी एक जोडी म्हणजे साधारण एक वर्ष. थंड समुद्रात ते बरे स्पष्ट असतात, उष्ण समुद्रात ऋतूंचा फरक कमी, त्यामुळे डोळ्यांना पाणी येतं. सगळी भांडणं होतात ती अगदी कडेच्या पट्ट्यावर: हा पूर्ण झालाय की नुकता सुरू झालाय? म्हणून दोघांनी एकमेकांना न विचारता वाचायचं, आणि माशाची लांबी दोघांनाही सांगायची नाही. लांबी कळली की माणूस नकळत 'शोभतील' एवढीच वलयं मोजतो.

मग वय आणि लांबी आलेखावर मांडून व्हॉन बर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाचा वाढीचा वक्र बसवायचा. त्याचं १९३८ सालचं समीकरण आजही सगळीकडे चालतं. त्यातून मुख्यतः दोन गोष्टी हाती येतात: मासा सरासरी जास्तीत जास्त किती लांब होऊ शकेल, आणि त्या लांबीकडे तो किती झपाट्याने जातो. खरी गोम इथेच आहे. वक्राचं वरचं टोक ठरतं मोठ्या, म्हाताऱ्या माशांवरून, आणि बेसुमार मासेमारी झालेल्या साठ्यात नेमके तेच उरलेले नसतात. लहान वयात भरभर वाढणारे आधी जाळ्यात अडकतात, सावकाश वाढणारे मागे राहतात. म्हणजे म्हाताऱ्यांचा नमुना मिळाला तरी तो एकांगी. मत्स्यशास्त्रज्ञ रोझा ली यांनी १९१२ साली याच्याशी निगडित विसंगती दाखवली होती: म्हाताऱ्या माशांच्या वलयांवरून काढलेली त्यांची लहानपणची लांबी तरुण माशांपेक्षा कमी भरते. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. मासेमारीने साठ्याचं काय केलं हे तपासायचं, आणि पुरावा मासेमारीनेच उचलून नेलेला!

या गोंधळाचा निकालावर किती परिणाम होतो बघा. समजा, वर्षाचा एकूण मृत्युदर १.८ निघाला (हा टक्का नव्हे, क्षणाक्षणाला लागू होणारा घातांकी दर). म्हणजे शंभरातले सोळा-सतराच पुढच्या वर्षी उरतात. यात नैसर्गिक मृत्यू ०.६ धरला तर मासेमारीचा वाटा १.२, म्हणजे दोन तृतीयांश. मत्स्यशास्त्रज्ञ गलंड यांनी सुचवलेली ढोबळ मर्यादा अशी की मासेमारीचा वाटा एकूण मृत्यूच्या निम्म्याहून जास्त नको; ती केव्हाच ओलांडली. पण नैसर्गिक मृत्यू ०.९ धरा, की तोच साठा बरोबर मर्यादेवर येऊन बसतो. आणि हा आकडा बहुतेकदा प्रत्यक्ष मोजलेला नसतोच. मत्स्यशास्त्रज्ञ पॉली यांच्या १९८० च्या सूत्राने तो त्याच वक्रातून आणि पाण्याच्या तापमानावरून काढतात. पट्टे चुकले की पुढचं सगळं चुकलं. अहवालात दशांशचिन्हानंतर तीन अंक दिसले की मला हसू येतं.

म्हणून कोवळ्या माशांबद्दल मी जास्त ठामपणे बोलते. वजन साधारण लांबीच्या घनाने वाढतं: वीस सेंटीमीटरचा मासा चाळीसचा झाला तर जवळपास आठपट. वाटेत काही मरतात हे खरं, पण वाढीच्या वयात ही बेरीज सहसा मरणाला पुरून उरते. त्याआधीच पकडणं हा शुद्ध तोटा. त्याहून वाईट म्हणजे गाभोळी धरणाऱ्या माद्याच इतक्या कमी होणं की पिल्लांची भरतीच आटते. कॅनडाने १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद केली तेव्हा अंडी घालणारा साठा कोसळलेला होता, आणि तो पुढे दशकानुदशकं पुरता सावरला नाही.

"मग किती टन पकडायचं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर मी वक्र दोनदा तपासल्याशिवाय देत नाही. जाळ्याची आस, म्हणजे भोकांचा आकार, मात्र आजच मोठी करा म्हणून सांगते. मासा एकदा तरी अंडी घालून मग अडकेल एवढी. तेवढ्यासाठी माझ्या वक्राची वाट बघायची गरज नाही, मादी कोणत्या लांबीला पिकते एवढं माहीत असलं की पुरे.