तेल शेवटचे की आजाराचे?

आयर्लंडच्या मेयो परगण्यातील नॉक या तीर्थक्षेत्री मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असताना काठ्या टेकत, चाकांच्या खुर्च्यांवर बसून माणसे ओळीने पुढे आली आणि फादरांनी प्रत्येकाच्या कपाळाला व तळहातांना तेल लावले. आजाऱ्यांना तेल लावण्याचा हा कॅथलिक संस्कार असा चारचौघांत पाहून मी चक्रावले, कारण वसईत आमच्या लहानपणी फादर तेलाची डबी घेऊन गल्लीत शिरले, की शेजारीपाजारी कुणाची तरी घटका भरली असेच समजत. आमच्या आजीने तर शेवटपर्यंत त्यांना बोलावू दिले नाही.

वास्तविक बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून घ्यावे असे आहे, मरणाऱ्याने नव्हे. इ.स. 416 मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी लिहिलेल्या पत्रावरून तर बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल सामान्य श्रद्धाळूही गरजेच्या वेळी वापरू शकत होते, असे दिसते. पुढे मध्ययुगात हा संस्कार पापक्षमेशी आणि मृत्युशय्येशी इतका घट्ट जोडला गेला, की त्याला ‘अंतिम अभ्यंग’, म्हणजे शेवटचे तेल लावणे, हेच नाव पडले. डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना तेल लावताना त्या त्या इंद्रियाने केलेल्या पापांची क्षमा मागितली जाई. म्हणजे अंथरुणावरचा माणूस रोगी कमी आणि आरोपी जास्त. (हे माझे मत, धर्मशास्त्र्यांचे नव्हे.)

1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) ‘रुग्णांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले, आणि 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी विधीच बदलला. आता फक्त कपाळ व हात, आणि प्रार्थनेत पवित्र आत्म्याचे साहाय्य व उठून उभे राहण्याचे बळ. पापक्षमा आहे, पण ती एकटी नाही. ऑलिव्हचे तेल दुर्मिळ असेल तेथे दुसरे वनस्पतितेलही चालते, ही सवलत आमच्या नारळाच्या मुलखाला सोयीचीच. अर्थात सर्दीपडशासाठी हा संस्कार नाही. आजार गंभीर हवा किंवा म्हातारपणाने शक्ती सरलेली हवी. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो, आणि दुखणे बळावल्यास पुन्हा घेता येतो. मरणाऱ्याची खरी शिदोरी म्हणजे अखेरचे ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर), तेल नव्हे.

तरीही आयर्लंडमधल्या जुन्या घरांत मेणबत्त्या आणि पवित्र पाण्याची कुपी पोटात ठेवणारा क्रूस अजून भिंतीवर दिसतो. तो फादरांच्या त्या जुन्या भेटीसाठीच असे.

नॉकहून परतल्यावर आईला फोनवर हे सांगितले, तर तिने आधी विचारले, “कोण गेलं गं?”

“कुणीही नाही,” मी म्हटले, “तेल लावून सगळे चहाला गेले.”