अंगठा लागला नाही म्हणून

भाडेकराराची कामं करते मी, पुण्यात, आठ वर्षं होत आली. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन बॅगेत घालून लोकांच्या घरी जायचं आणि लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराचं, ऑनलाइन रजिस्ट्रेशन करून द्यायचं. मालकाचा फोटो अंगठा, भाडेकरूचा फोटो अंगठा, दोन साक्षीदार, वीस-पंचवीस मिनिटांत मोकळं. माझी फी बहुतेक वेळा मालक देतो आणि डिटेल्स पण फोनवर तोच सांगतो, मी टाइप करते. हे आधीच सांगतेय कारण त्या दिवशी जे झालं ते इथूनच सुरू झालं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. वन बीएचके, मालक काका रिटायर्ड, भाडेकरू एक मावशी, मेसमध्ये पोळ्या करायचं काम करणाऱ्या. काकांचा अंगठा पहिल्यांदाच लागला. मावशींचा काही केल्या लागेना. मशीनचा लाल दिवा लागायचा, अंगठा ठेवायच्या, स्क्रीनवर परत तेच, मॅच नाही. ओल्या रुमालाने पुसला, डावा हात बघितला, तर्जनी बघितली, कपाळावर घासून पण बघितला कारण बोट फार कोरडं असलं की तेवढ्याने कधीकधी लागतं. त्यांचा हात हातात घेतला तेव्हा दिसलं, अंगठ्याच्या रेषा खरंच झिजून गुळगुळीत झालेल्या, कडेला तव्याने भाजल्याचा जुना पांढरा डाग. म्हणलं दहा मिनिटं थांबू मावशी, परत बघू.

तेवढ्यात आपलं बोलायचं म्हणून विचारलं, मग अजून अकरा महिने इथेच का. त्यांनी काकांकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाही हो ताई, मला खोली सोडायचीय. पोरीला नोकरी लागलीय नाशिकला, तिच्याकडे जायचंय. पण काका म्हणाले जुना करार संपलाय, तो कागद आता चालत नाही, डिपॉझिट परत पाहिजे तर आधी नवीन करार करावा लागतो."

मी गप्पच झाले. समोरच्या स्क्रीनवर माझ्याच हाताने टाइप केलेला ड्राफ्ट होता, इंग्रजीत, लॉक-इन (म्हणजे मधेच जागा सोडता येत नाही तो काळ) सहा महिने, डिपॉझिट शून्य. फोनवर काका म्हणाले होते की डिपॉझिट जुनंच चालू आहे, शून्य टाका, स्टॅम्प ड्यूटी कमी बसेल. मी टाकलं होतं. आता हिशोब करून बघा, स्टॅम्प ड्यूटी म्हणजे मुदतीच्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्या भाड्यात मिळवायचं. मावशींचं डिपॉझिट ६०,००० होतं, त्याचं वर्षाचं व्याज ६,०००, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे १५ रुपये. अकरा महिन्यांचे तर १५ पण नाहीत. एवढ्यासाठी एका बाईचे साठ हजार रजिस्टर्ड कागदावरून गायब होणार होते, आणि वर सहा महिने जागा सोडता येणार नव्हती. अंगठा लागला असता तर मी सबमिट करून घरी गेले असते.

काकांना म्हणलं मी हे सबमिट करत नाही. ते चिडले, साहजिक होतं. "मॅडम तुम्ही माझ्याकडून पैसे घेता, हिची वकिली कशाला करता?" मी म्हणलं काका वकिली नाही, पण यांना जागा सोडायचीय हे कळल्यावर यांचा अंगठा मी घेऊ शकत नाही.

मग बराच वेळ बोलणं झालं. काकांचा मुद्दा एकच, करार संपला, तीन महिने ही तशीच राहतेय, आता हिला काही हक्क नाही, उलट कायद्याने मी दुप्पट भाडं लावू शकतो. दुप्पटची गोष्ट खरी आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४, लायसन्सची मुदत संपल्यावर जागा ताब्यात दिली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण ते जागा न सोडणाऱ्यासाठी आहे हो, इथे बाई स्वतःहून सोडते म्हणतेय आणि मालक अडवून धरतोय. तीन महिने तेच १३,५०० भाडं दर पाच तारखेला यांच्या खात्यात गेलंय, एकदाही खाली करा म्हणलेलं नाही. आणि कायदाच जर म्हणतो की मुदत संपली की जागा परत द्या, तर परत देण्यासाठी नवीन करार कसा काय लागेल? लॉक-इन होता तो जुन्या करारात, जुन्या मुदतीपुरता, ती मुदत संपली तसा तोही संपला.

दुसरं सांगितलं ते त्याच कायद्याचं कलम ५५. करार लेखी आणि रजिस्टर्ड करायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नसेल केला तर वाद झाल्यावर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धमकी म्हणून नाही बोलले मी, पण त्यानंतर काका दुप्पटचं बोलायचे थांबले. पाणी बंद करतो असं मात्र एकदा तोंडातून गेलं त्यांच्या, तेव्हा कलम २९ पण सांगावं लागलं, योग्य कारण नसताना पाणी वीज तोडता येत नाही.

मावशींना वाटत होतं जुना कागद रद्दी झाला. मोबाईलमध्ये होता, मुलीने पाठवलेला. मी उघडून डिपॉझिटचं कलम मराठीत मोठ्याने वाचून दाखवलं, ६०,००० रुपये, कुठल्या तारखेला बँकेतून दिले ते लिहिलेलं, बिनव्याजी, रिकामा ताबा देताना परत करायचे, नैसर्गिक झीज सोडून काही नुकसान असेल तर ते वजा करून. मुदत संपली म्हणून पैसे दिल्याचा पुरावा संपत नाही, उलट ते परत मागायची वेळ तेव्हाच येते. त्यांनी ती ओळ परत एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी भीक मागत नाहीये ना ताई." मला एकदम भरून आलं तेव्हा.

मुदत संपल्यावर नोटीस द्यायलाच लागते का यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक महिना आधी लेखी कळवलेलं बरं असं माझं मत आहे, मालकालाही नवीन भाडेकरू बघायला वेळ मिळतो. तिथेच बसून चार ओळी मराठीत लिहिल्या, अमुक तारखेला जागा रिकामी करून ताबा देते, तेव्हाच डिपॉझिट द्यावं, आणि मावशींनी काकांना व्हॉट्सॲप केलं, दुसऱ्या दिवशी तेच रजिस्टर्ड पोस्टाने. प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतींचे फोटो आणि मीटरचं रीडिंग पण काढून ठेवायला सांगितलं.

महिन्याने रविवारी मुलीने फोन केला, याल का म्हणून, गेले. सामान टेम्पोत, काका हातात वही घेऊन, रंगकामाचे १५,००० लिहिलेले. भिंतीवर कॅलेंडरचे दोन खिळे आणि गॅसमागे धुराचा पिवळा पट्टा, बास. घरात माणूस राहिला की रंग जुना होणारच, तीच ती नैसर्गिक झीज. बेसिनला मात्र तडा गेला होता, मावशी स्वतःच म्हणाल्या माझ्याकडून कळशी पडली. त्याचे २,३०० आणि शेवटचं लाइट बिल ८४० वजा, राहिले ५६,८६०. काका म्हणाले चावी द्या, पैसे संध्याकाळी टाकतो. मुलीने आईचा हात धरला आणि म्हणाली काका आम्ही थांबतो. वीस मिनिटं रिकाम्या खोलीत सगळे उभे, कोणी काही बोलेना. मोबाईल वाजला, मुलीने बॅलन्स बघितला, ताबा मिळाल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या आणि मग चावी दिली.

काकांनी नंतर मला काम दिलं नाही, त्यांच्या ओळखीतल्या अजून दोघांचं पण गेलं. आता अंगठा घ्यायच्या आधी डिपॉझिट, मुदत आणि लॉक-इन भाडेकरूला मराठीत वाचून दाखवते, पाच मिनिटं जास्त जातात. गेल्या महिन्यात मावशींच्या मुलीने नाशिकच्या नवीन घराचा ड्राफ्ट पाठवला, ताई डिपॉझिटची ओळ तेवढी बघून द्या. बघितली, आकडा बरोबर होता.