डेंग्यूचा नमुना आणि तारखेचा रकाना

एका रुग्णाच्या डेंग्यूच्या रॅपिड कार्डावर (जागच्या जागी निकाल देणारी पट्टी) एनएस-१ ची, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची, रेघ पंधरा मिनिटांत उमटली होती. पक्का निकाल हाती यायला मात्र अकरा दिवस लागले, आणि त्यातले सहा दिवस एका रकान्यापायी गेले. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचं काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचे असे दिवस जाऊ नयेत म्हणून लिहितो आहे.

रॅपिड कार्ड पॉझिटिव्ह आलं तरी सरकारी नोंदीत ते निश्चित निदान धरत नाहीत. शिक्कामोर्तब एलायझा या प्रयोगशाळेतल्या तपासणीवर होतं, त्यासाठी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारा द्रव, सेंटिनल केंद्राकडे (सरकारनं नेमलेल्या प्रयोगशाळेकडे) पाठवावं लागतं. आयजीएम (संसर्गानंतर शरीरात तयार होणारी अँटिबॉडी) शोधणाऱ्या एलायझाचे किट त्या केंद्राकडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून येतात. फॉर्मवर ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ असा रकाना असतो. आमच्याकडून त्यात ‘४-५ दिवस’ असं लिहून गेलं. नमुना नापास!

नियम बरोबर आहे, हे मान्य. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत विषाणूचं एनएस-१ प्रथिन रक्तात सापडतं, त्यानंतर आयजीएम शोधायचं. तारीखच नसेल तर समोरच्यानं कुठली तपासणी लावायची? राग आला तो कळवण्याच्या पद्धतीचा. फॉर्मच्या डोक्यावर आमचा फोन नंबर होता. एका फोनवर मिटलं असतं, त्याऐवजी सहा दिवसांनी कागद परत आला. तोवर एनएस-१ ची वेळ निघून गेली होती. रुग्णाला पुन्हा बोलावलं, पुन्हा सुई टोचली, आणि आयजीएमचा निकाल पुढच्या पाच दिवसांनी आला.

आता मी ‘किती दिवस झाले’ असं विचारतच नाही. “मावशी, सोमवारच्या बाजाराला गेला होतात तेव्हा अंग तापलं होतं का?” असं विचारतो. “नाही रे, बाजारातून आल्यावर रात्री थंडी वाजली.” झालं, सोमवारची तारीख मिळाली. आशाताईंनाही असंच विचारायला सांगितलं आहे. फॉर्मवर दोन्ही तारखा आकड्यांत घालायच्या, ताप आल्याची आणि रक्त घेतल्याची.

दुसरी गोष्ट आधी विचारून ठेवा: एलायझा कुठल्या वारी लावतात? प्लेटला ९६ खाने असतात, त्यामुळे बरीच केंद्रं नमुने साठल्यावरच लावतात. त्याच्या आदल्या दिवशी नमुना पोचला तर मधले दिवस वाचतात.

रक्त साध्या, लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्या. अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून सिरम वेगळं करणारं यंत्र). वीज नसेल तर ट्यूब न हलवता तशीच उभी ठेवा, सिरम वर सुटतं, फक्त वेळ लागतो. घाईनं हलवलं तर पेशी फुटून सिरम लालसर होतं आणि तेही नापास होतं. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये २ ते ८ अंशांवर सिरमच पाठवायचं. अख्खं रक्त गोठवायचं नाही.

कार्डाबद्दल राहिलंच. पावसाळ्यात पाकीट आधी फोडून ठेवू नका, पट्टी हवेतला ओलावा धरते. फ्रिजमधलं कार्ड खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. ड्रॉपर सरळ उभा धरा. तिरका धरला की थेंब लहान-मोठा पडतो, मधे बुडबुडा आला तर अर्धाच पडतो. एका लॉटच्या (खेपेच्या) कार्डाला दुसऱ्या लॉटचं बफर (कार्डावर टाकायचा द्रव) चालत नाही. आमच्या किटवर १५ ते २० मिनिटांत वाचा असं छापलेलं आहे. त्या वेळात आलेली फिकट रेघ पॉझिटिव्हच, तासाभरानं दिसलेली धरायची नाही. ‘सी’ची (कंट्रोलची, कार्ड चालतंय हे दाखवणारी) रेघ नसेल तर तपासणीच बाद.

निगेटिव्ह आलं म्हणून रुग्णाला निर्धास्त करू नका. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्याच्या रक्तात जुन्या अँटिबॉडी एनएस-१ ला चिकटतात आणि कार्ड चुकतं. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात रेंगाळतं, त्यामुळे आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी ते मागच्या तापाचंही असू शकतं. निकाल येईपर्यंत प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघत राहा. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर कार्डाकडे न बघता मोठ्या रुग्णालयात पाठवा. ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं. तापाला पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नाही.

आणि ट्यूबवर नाव मार्करनं लिहू नका. आइसपॅक वितळला की पुसलं जातं. चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहा, पट्टी ट्यूबवर चिकटवा, झाकणावर नाही.