पहिली हीट

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधान सौधमध्ये कर्नाटकाचं अधिवेशन भरतं. सीमाप्रश्न तापलेला असला की त्या दिवसांत एसटीचा भरवसा नसतो, म्हणून ऑफिसनं सांगितलं, रेल्वेनंच जा. जाणं टाळता येण्यासारखं नव्हतं. आमच्या पंपांच्या बॉडी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एक फौंड्री ओतते, आणि थंडी सुरू झाल्यापासून त्यातले नको इतके नग रिजेक्ट होऊ लागले होते. वरून कास्टिंग गुळगुळीत. मशिनवर दोन मिलिमीटर कातलं की आत ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोकं.

मिरजेला गाडी थांबली तेव्हा अजून अंधार होता. चहा घेतला, वरच्या बर्थवरून खाली आलो आणि रिजेक्ट नगांची यादी घेऊन खिडकीशी बसलो. खिडकी जरा उघडली तर समोरच्या आजी म्हणाल्या, "लावा की ओ ती, पोर झोपलंय." लावली. शेडबाळ गेलं, उगार आलं. गाळपाचा हंगाम, त्यामुळं बंद काचेतूनही मळीचा वास आत शिरत होता. कृष्णेच्या पुलावर उजेड फुटला, आणि त्या उजेडात यादीतला एक रकाना मला पहिल्यांदा नीट दिसला.

प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर ओतलेला असतो: आधी तारीख, मग त्या दिवसाची कितवी हीट, म्हणजे भट्टीत वितळवलेल्या लोखंडाची कितवी खेप. पुण्यात आम्ही तारखांकडेच बघत बसलो होतो. शेवटचा आकडा बघितला तर बहुतेक नगांवर तो 1 होता. म्हणजे दिवसाची पहिली भट्टी. दुपारच्या हीटमधले नग जवळजवळ नव्हतेच.

मालकांनी अकराला बोलावलं होतं. तपासणीला येणारा माणूस आधी लॉजवर जाणार, आंघोळ करणार, नाश्ता करणार, हे सगळ्या फौंड्र्यांना पाठ असतं. तोवर पहिली हीट संपलेली असते. मी स्टेशनवरून बॅगेसकट थेट रिक्षात बसलो.

बेळगाव मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. डोक्यात होतं ते पेपरातलं: मोर्चे, पाट्या, काळा दिन. पाट्या होत्या, कन्नड वर आणि मोठी. चौकात पोलिसांची गाडीही होती. पण रिक्षावाल्याची तक्रार वेगळीच होती: रेल्वे गेट. काँग्रेस रोड रुळांना लागूनच जातो, आणि इथले लोक पत्ता सांगतात तो पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असा. रस्त्याचं नाव 1924 च्या अधिवेशनावरून पडलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच वेळी, इथं टिळकवाडीत. हे मला शाळेपासून माहीत, रिक्षावाल्याला त्याचं काही नव्हतं. फोनवर तो कन्नडमध्ये भांडत होता आणि मध्येच मान वळवून मला मराठीत विचारत होता, "उद्यमबागेत नेमकं कुठं?" शहर साडेसातशे मीटर उंचीवर, त्यामुळं हवेत पुण्यापेक्षा जास्त बोच. झाडं भरपूर. लोकांना घाई कमी. (हे मत दुपारी बाजारात गेल्यावर बदललं.)

फौंड्रीत शेडच्या एका बाजूला साच्यांच्या बॉक्सची लांब ओळ बंद करून ठेवलेली होती. भट्टीत लोखंड वितळत होतं, ओतायला अजून वेळ होता. मालक आलेले नव्हते. सुपरवायझर गडबडला आणि चहा मागवायला पळाला. मोल्डिंगवर एक म्हातारे कारागीर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांना विचारलं, हे बॉक्स कधी भरलेत?

"काल सांजचं. सकाळी लवकर ओतायला मिळतंय म्हणून."

"एक उघडता का?"

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग हॉइस्टला इशारा केला. वरचा बॉक्स उचलला. आत कोअर, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणारा वाळूचा ठोकळा, बसवलेला, खाली त्याला तोलून धरणारे कथील चढवलेले छोटे लोखंडी चॅपलेट. त्या चॅपलेटवर पाण्याचे थेंब होते. दव पडावं तसे. कोअरला बोट लावलं तर गार आणि दमट.

ओली वाळू, त्यात रात्रभर बंद. वाळूतलं पाणी वाफ होऊन आत फिरतं, पहाटेच्या गारठ्यात थंड लोखंडावर जमतं, आणि सोडियम सिलिकेटचा कोअर तर ओल शोषून घ्यायला टपलेलाच असतो. त्यावर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड आलं की त्या थेंबाची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. ती कुठं जाणार? कास्टिंगच्या अंगात.

"मी बोललोतो," मामा म्हणाले. "सांजचं बॉक्स आत घामेजतंय. उन्हाळ्यात चालतंय, आता नाही."

मालक आले तेव्हा आम्ही ओळीतले निम्मे बॉक्स उघडून, आतून गॅसचा टॉर्च फिरवून, खडूनं फुल्या मारून परत बंद करत होतो. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. उरलेले निम्मे तसेच ठेवले. लोखंड ओतायचा लॅडलही नीट लाल होईस्तोवर तापवला, म्हणजे नंतर त्याच्यावर बोट दाखवायला नको. मग सगळे एकाच हीटमध्ये ओतले.

दुसऱ्या दिवशी नग साफ करून शेजारच्याच मशिनशॉपमध्ये कातले. फुलीवाल्यांत एकात वाळू अडकलेली निघाली, तो दोष निराळा. बाकी सगळे स्वच्छ. बिनफुलीच्या नगांत चॅपलेटच्या भोवतीच भोकं, ओळखीची.

मालकांनी कुंदा आणवला, खायला लावला, आणि मी तोंड पुसतोय तोच मुद्द्यावर आले. संध्याकाळी बॉक्स भरायचे नाहीत म्हणजे सकाळची भट्टी उशिरा, माल कमी. टॉर्च फिरवायचा तर गॅस आणि एक माणूस जादा. किलोमागं दर वाढवून पाहिजे.

मी म्हटलं, दर माझ्या हातात नाही, ते पर्चेसचं काम.

"मग पुढच्या खेपेला तुम्ही येऊ नका," ते म्हणाले, "त्यांनाच पाठवा. कुंदा त्यांनाही घालतो."